मंगळावरची गाडी उशिरा वळते

शाळकरी मुलांसाठी मंगळमोहिमेचा एक गेम आम्ही तिघांनी मराठीत केला. प्रोग्रामिंग माझ्या कॉलेजातल्या मित्राचं. तो बडनेऱ्याला राहायचा. चित्रं आणि विज्ञान माझ्या मावसबहिणीकडे, म्हणजे ताईकडे. ती अकोल्याला जठारपेठेत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. मी अमरावतीत अनुवादाची कामं करतो, म्हणून गेममधली वाक्यं माझ्या वाट्याला आली. ताईला रेल्वेने यायला सोपं म्हणून रविवारी मित्राच्या घरी जमायचो.

भांडण झालं ते गाडी वळवण्यावरून. मित्राने सहा चाकांची गाडी पडद्यावर उतरवली होती. बटण दाबलं की ती लगेच वळायची. ताईने ती थोडी चालवून पाहिली आणि कीबोर्ड बाजूला सारला.

"हे चुकलं. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोचायला कितीतरी मिनिटं लागतात. गाडी उशिरा वळली पाहिजे."

"मंग पोट्टे खेळतीन काहून, ताई? दाबलं अन् काईच झालं नाई, तं बंद करतीन ना."

"तसं असेल तर मंगळाचं नाव काढ. बडनेऱ्याचा रस्ता दाखव."

मित्राने संगणक बंद केला. ताई त्या दिवशी न जेवताच स्टेशनवर गेली. पुढचे काही रविवार कोणीच जमलं नाही. मी दोघांशी फोनवर वेगवेगळं बोलत होतो, पण त्याचा फारसा उपयोग झाला असं वाटत नाही. मग एक दिवस मित्राने गेमची नवी प्रत पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता. गाडी आता उशिरा वळत होती. खऱ्या मिनिटांचे त्याने सेकंद केले होते, आणि ताईला ते चाललं.

तिवस्याच्या एका शाळेत आम्ही तो गेम मुलांपुढे ठेवला. मुलांनी बाणाची बटणं धडाधड दाबली. गाडी हलेना, म्हणून आणखी दाबली. मग सगळे हुकूम एकामागून एक पोचले, गाडी गरगर फिरली आणि खड्ड्यात पडली. वर्गात हशा पिकला. काही मुलं उठून खिडकीशी गेली.

"पाहा," मित्र ताईला म्हणाला.

कडेच्या संगणकावर दोन मुली होत्या. एकीचा हात पुन्हा बटणाकडे गेला, तो दुसरीने धरला. "थांब ना वं, अजून पोचलं नाई तिथं." गाडी ज्या दगडापर्यंत न्यायची होती, तिथवर दोघींनी पडद्यावर बोटाने वाट आखली, ठरवून बटणं दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. गाडी बरोबर दगडापाशी जाऊन थांबली. तेवढ्यात घंटा झाली.

परतताना एसटीत, मोझरी मागे पडल्यावर, मित्राने विचारलं, "ताई, चंद्रावर संदेश पोचाले किती वेळ लागते?"

"सेकंदभर. जरासा जास्त."

"मंग पह्यले चंद्र ठेवू. तिथं सवय होऊ दे. मंगळ नंतर."

"हे मला सुचायला हवं होतं," ताई म्हणाली.

माझी निम्मी वाक्यं त्यामुळे बाद झाली. गेम आज काही शाळांमध्ये खेळला जातो. मित्र नोकरीसाठी हैदराबादला गेला. बिघाड झाला की तिथूनच दुरुस्त करून पाठवतो. बरीच मुलं चंद्रावरच रमतात, मंगळापर्यंत थोडीच जातात. ताईला हे माहीत आहे. तरी सध्या ती गेमच्या पुढच्या टप्प्यासाठी शनीची कडी रंगवते आहे.