बशीतला पहिला घोट

पोलादपूरजवळच्या एका वाडीत मी दर महिन्याला विजेचं मीटर वाचायला जायचो. शेवटच्या घरातल्या बाईंच्या ओटीला लागून धोतऱ्याची झाडं होती. पांढरी फुलं हातानं बाजूला सारल्याशिवाय मीटरचे आकडे दिसत नसत. "दम्याला पाल्याचा धूर घेते मी," असं त्या न विचारताच सांगायच्या. सासू अचानक वारली तेव्हापासून वाडीत त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कोणी पीत नव्हतं. हे मला पहिल्याच खेपेला शेजाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं.

तरी त्या माझ्यासाठी कोरा चहा करायच्या. माझ्या कपातला थोडा बशीत ओतून, माझ्याकडे बघत आधी स्वतः प्यायच्या. "घ्या भाऊ, काय नाय त्यात." मग मी प्यायचो. तीन वर्षं असंच चाललं.

एका श्रावणात त्यांनी कप तसाच माझ्या हातात दिला. बशी कोरडी होती. मी बशीकडे बघितलं, मग झाडावरच्या काटेरी बोंडांकडे. पावसाबद्दल काहीतरी बोलत राहिलो. चहा निवला.

त्यांनी माझ्या हातातून कप घेतला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. "तीन वर्सं झाली, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

सांगायला लाज वाटते, पण पायवाट उतरताना मी दोनदा मागे वळून बघितलं, त्या उभ्या आहेत ना म्हणून.

पुढच्या महिन्यात गेलो तर मीटरपुढची झाडं छाटलेली होती. आकडे अंगणातूनच दिसत होते.