मोजून घातलेला घास

दौंड स्टेशनवर हैदराबादची गाडी यायला दहा मिनिटं असताना आईनं माझा डबा उघडून पाहिला. वाटेसाठी केलेले शेंगदाण्याचे लाडू निम्मेच उरले होते. तिनं सरळ सुमीकडं बघितलं, माझ्या धाकट्या बहिणीकडं.

"हिच्या तोंडाला कुलूपच न्हाई! भाऊ परमुलखात निघालाय, तर त्याचा घासबी सुटला न्हाई."

फलाटावरची दोन-चार माणसं हसली. सुमी ओढणी सारखी करत भलतीकडंच बघत राहिली. आबा, माझे वडील, म्हणाले, "ऱ्हाऊ दे, गाडी आली."

लाडू मी खाल्ले होते. शिरूरहून येताना एसटीत, निघायच्या धास्तीनं, एकामागून एक. आणि मी बोललो नाही. सुमी अंगानं जाड होती, म्हणून पुरावा कुणाला लागलाच नाही. हे आज पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा लिहितोय.

हैदराबादेत एका प्रयोगशाळेत काम लागलं, ते उंदरांवर लठ्ठपणाचा अभ्यास करण्याचं. 'पोट भरलं' हा निरोप चरबीकडून मेंदूला नेणारं एक द्रव्य असतं, लेप्टिन. ते ज्यांच्या शरीरात तयारच होत नाही असे उंदीर आमच्याकडे असत. गोल, सुस्त, सतत भुकेले. एकदा अशा उंदराला बारीक उंदराइतकंच खाद्य ग्रॅमवर मोजून द्यायचं ठरलं. तरीही काही आठवड्यांत चरबी त्याच्याच अंगावर जास्त चढली.

माझा पहिला संशय उंदरावर गेला. चोरून खातोय! मी काटा तपासला, पिंजऱ्यातला भुसा चाळला. बंद पिंजऱ्यातला एकटा उंदीर चोरणार कुठून? शेजारच्या टेबलावरची फरहाना हसली, "क्या मियाँ, चूहे पे केस करते क्या?" मला हसू आलं नाही. मला दौंडचा फलाट दिसत होता.

खरी लाज पुढंच आहे. हे शिकायला एवढ्या लांब जायची गरजच नव्हती. आमची पिढीजात मेंढरं. आबा मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून सांगायचे, "एकाच रानात चरत्यात, पर एकीच्या अंगी लागतं, एकीच्या न्हाई. त्यात तिचा काय गुन्हा?" मेंढीला होती ती सूट पोरीला नव्हती. आणि मी, दिवसभर उंदरांचे आलेख काढणारा, दर दिवाळीला घरी येऊन सुमीला सुनवायचो, "जरा कंट्रोल कर."

सुमी आता कारेगावात असते, नवरा कंपनीत आहे. त्यांची आरती तेरा वर्षांची, आईच्याच अंगलटीची. गेल्या आठवड्यात सुमीचा फोन आला.

"दादा, तुझ्या उंदरांना मोजून घालतोस, तसं हिचं सांग की. एकच भाकरी देते, तरी वजन उतरंना. चोरून खात आसंल, दुसरं काय! काल शाळंत चक्कर यिऊन पडली."

मी म्हणालो, "सुमे, आधी तिला पोटभर जेवाय घाल. आन् ऐक, दौंडला ते लाडू मी खाल्ले हुते."

ती म्हणाली, "ठावं हाय. तुझ्या शेजारीच तर बसले हुते एसटीत."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणी ऐकलं आसतं व्हय?"

रजा टाकून कारेगावला आलो. शिरूरच्या डॉक्टरांनी आरतीचं रक्त घेतलंय, रिपोर्ट सोमवारी. पोरगी म्हणजे उंदीर नव्हे, हे मला कळतं. माणसाच्या लठ्ठपणाची कारणं नाना; माझ्या उंदरांसारखं उदाहरण माणसात फार क्वचित. थायरॉइड निघेल, साखर निघेल, की काहीच नाही? जिवाला घोर आहे. आणि काहीच निघालं नाही, तर पोरीवरचा चोरीचा आळ कोण काढणार?

गाव सोडलेल्या माझ्या सोबत्यांनो, घर म्हटलं की आपल्याला आईच्या हातची चव आठवते. सुमीला ताटावरच्या नजरा आठवत असणार. त्यातली एक माझी. आता मी घरी येतो तो ती नजर काढून घ्यायला. जमेल की नाही, ठाऊक नाही.

आज दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आरतीची भाकरी संपली. तिनं टोपल्याकडं नाही, आईच्या तोंडाकडं पाहिलं. सुमीचा हात टोपल्यावर अडला. मग तिनं भाकरी उचलून पोरीच्या ताटात ठेवली आणि मान खाली घालून स्वतःचं कालवण भुरकायला लागली. मीही मान खाली घातली. आरती भाकरी मोडत होती, तेवढाच आवाज येत होता.