फर्गसने फिडल घरी ठेवली

फर्गस मॅकास्किलचं डोकं कशाने फिरतं, हे हॅम्बर्गमधल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं. पावसाने नव्हे; त्या गावात पावसावर चिडत बसलं तर दुसरं काही करायला वेळच उरायचा नाही. "आणि हो, येताना फिडल आणाल ना?" एवढं एक वाक्य त्याला पुरायचं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरचा हा गडी. सत्तावीस वर्षांपूर्वी एका जर्मन मुलीच्या मागे इथे आला. मुलगी चार वर्षांत सोडून गेली, हा राहिला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्यावर त्याचं पोट चालायचं. लग्नं, बंदरावरचे मेळे, कुणाची साठी, व्हिस्कीच्या दुकानाचं उद्घाटन, जिथे बोलावतील तिथे चौकड्यांचा किल्ट घालून उभं राहायचं. आणि सकाळी, शेजारपाजार कामावर गेला की, कादंबरी लिहायला बसायचं. तीन लिहिल्या. पहिल्या दोन त्याच्या गावाकडच्या एका छोट्या प्रकाशकाने छापल्या, त्यांचं पुढे काय झालं ते त्या प्रकाशकालाच ठाऊक. तिसरी यंदा जर्मनमध्ये आली होती.

त्याच्या वाजवण्यात एक रीत होती. धून सुरू करण्याआधी ती कुणाकडून मिळाली ते सांगायचं. ही अमक्या कोळ्याकडून, ही पोस्टमास्तरच्या बहिणीकडून. कागदावर काही नाही, सगळं कानाने घेतलेलं. खालच्या मजल्यावरची वसुधा, पुण्याची सॉफ्टवेअरवाली, दर मंगळवारी त्याच्याकडे शिकायला यायची. तिला ही रीत फार आवडायची, कारण तिचे पुण्यातले गुरुजीही आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाला हात लावत.

फर्गसला मात्र त्याचाच राग होता. "म्हणजे बघ," तो म्हणायचा, "सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचं ओझं वाहतोय. हमाल आहे मी, हमाल! माझं असं काय, तर हे पुस्तक. ते मला कुणी दिलेलं नाही. माझ्या डोक्यातून आलंय."

म्हणून त्या भागातल्या वाचनालयाने शनिवारी दुपारी त्याच्या वाचनाचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं की आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, लोकांनी आपल्याला फिडलशिवाय ऐकावं. सातवं प्रकरण, सबंध, चाळीस मिनिटं. फिडल त्याने मुद्दाम घरी ठेवली, तीही कपाटात कुलूप लावून. जशी काही ती आपल्या पायांनी चालत येणार होती.

हॉलमध्ये साठ माणसं! फर्गसला आठजणांची आशा होती. त्याचा आनंद जेमतेम मिनिटभर टिकला. अर्ध्याहून जास्त मंडळी वसुधाच्या महाराष्ट्र मंडळातली होती. वसुधाने विचार केला होता की 'पुस्तकवाचन' लिहिलं तर चार टाळकी येतील, म्हणून ग्रुपवर तिने टाकलं होतं, 'स्कॉटिश फिडल, सोबत थोडं वाचन, नंतर बटाटेवडे.' आणि वर कडी म्हणजे ती स्वतःचं व्हायोलिन घेऊन आली.

"फर्गस, तुम्ही फिडल विसरलात वाटतं. हे घ्या."

"विसरलो?" फर्गसचा चेहरा लालबुंद झाला. "मी विसरलो?"

तेवढ्यात ग्रंथपाल फ्राउ पेटरसननी टाळी वाजवली. "आल्झो, चला तर! आधी दोन-तीन धुना, मग छोटासा उतारा!" पुढच्या रांगेतून फोन वर झाले.

"तू वाजव," फर्गस दातओठ खात वसुधाला म्हणाला. "तू आणलंस ना, आता तूच वाजव."

वसुधाने कानाला हात लावला, "ही मला फर्गसकडून मिळाली," असं म्हणत कसंबसं वाजवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग फर्गसने पुस्तक उघडलं.

बेटावरची एक बाई धक्क्यावर उभी आहे, नवऱ्याची बोट यायची आहे, असं ते प्रकरण. दुसऱ्या पानापासून खुर्च्या सरकायला लागल्या. बाहेर वडे मांडले होते, त्यांच्या वासापुढे कसली बोट आणि कसला धक्का! दार करकरलं की फर्गस मान वर करून बघायचा आणि पुन्हा वाचायचा. शेवटी अकराजण उरले, त्यातल्या चौघांचा डोळा लागलेला. निव्वळ हट्टाने त्याने प्रकरण पुरं केलं.

"चांगुलपणाने गळा कापलास माझा," पुस्तकं पिशवीत कोंबत तो वसुधाला म्हणाला. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं.

पहिल्या रांगेत तिच्या सासूबाई, मालिनीताई, बसून होत्या. तीन महिन्यांसाठी आलेल्या. जर्मनचा गंध नाही, इंग्रजी जेमतेम.

"वसुधा, यांना विचार गं, ते माणूस शेवटी आलंच नाही का?"

"कोण माणूस, आई?"

"गोष्टीतलं. हे सारखे दाराकडे बघत होते. कुणाची तरी वाट बघणं चाललं होतं ना?"

वसुधाने ते फर्गसला सांगितलं. हसावं की डोकं आपटून घ्यावं, त्याला कळेना. सबंध प्रकरण ऐकलं कुणी, तर एक शब्दही न कळलेल्या बाईने.

"नाही आलं, म्हणावं. पण या फिडल ऐकायला आल्या होत्या ना?"

"छे!" मालिनीताई म्हणाल्या. "ते काय, रोज छतातून ऐकू येतंच की. पुढे काय झालं ते सांगा म्हणावं."

पुढे काय झालं! तीन कादंबऱ्या लिहिल्या, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. फ्राउ पेटरसन एकेक दिवा बंद करत येत होत्या. फर्गसने खुर्ची ओढली, मालिनीताईंच्या शेजारी बसला. पुस्तक पिशवीतच राहिलं. धून सुरू करताना बसतो तसा ताठ बसला आणि सवयीने बोलून गेला.

"ही मला माझ्या आईकडून मिळाली. धक्क्यावर तीच उभी होती."

वसुधाला ते मराठीत सांगायला जरा वेळ लागला.