वहिनीच्या हाताला शोभेल असं घड्याळ

माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. 'करायचा' असं लिहिणार होते, पण अजून करतो, म्हणून तसंच लिहिते.

त्याचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. काच बसवलेलं टेबल, मान वाकवता येणारा दिवा, मागे भिंतभर बारीक खणांचं कपाट, आणि दाराजवळ एक पसरट ट्रे. दुरुस्तीचं घड्याळ त्या ट्रेमध्ये ठेवायचं अशी पद्धत. दादा आत जेवायला बसलेला असला, तरी नेहमीची माणसं घड्याळ ठेवून चालू लागत. काय बिघडलंय ते सांगायलाही थांबत नसत. "त्याला काय सांगायचं? घड्याळच सांगेल की," म्हणत.

मग ती काळी चौकोनी घड्याळं आली आणि ट्रे रिकामा राहू लागला. फोन हातावरच वाजतो, पावलं मोजली जातात, झोप मोजली जाते. कोणी तसलं घड्याळ घालून दुकानात आलं की दादा विचारायचा, "काय रे, शाळेत जातोस का परत? हातावर पाटी बांधलीस ती!" लोक हसत. पण त्याचा राग त्या यंत्रावर नव्हता. मला म्हणाला होता, "आतलं मशीन हुशार आहे गं. पण सगळ्यांना एकच गणवेश! लग्नातही तोच, स्मशानातही तोच. माणूस काय एकसारखा असतो?"

त्याची मुलगी संगणकातली. तिला घरात सगळे बबडी म्हणतात, आता चाळिशीला आली तरी. बाप आणि लेक मिळून ज्याचं त्याला शोभेल असं घड्याळ करायच्या उद्योगाला लागले. ती आतलं मशीन आणायची, मशीननं काय काय करायचं ते बसवून द्यायची. दादा त्याला अंगडं-टोपडं शिवायचा, म्हणजे बाहेरचं कवच आणि पट्टा घडवायचा. पहिलं घड्याळ दवाखान्यातल्या एका नर्सचं. तिला कामावर मनगटात काही घालायची परवानगी नव्हती. दादानं तिला छातीवर टाचायचं गोल घड्याळ केलं, डायल उलटी, म्हणजे तिनं मान खाली घातली की तिला सुलटी दिसेल. घरून फोन आला की ते हळूच थरथरायचं. आमच्या शेजारच्या आंधळ्या मास्तरांना त्यानं काच नसलेलं घड्याळ करून दिलं. बोट ठेवलं की जितके वाजले असतील तितके टोले ते मनगटाला द्यायचं. मास्तर म्हणाले, "आता वर्गात कोणाला कळणार नाही मी किती वेळा घड्याळ बघतो ते." एकीला तिच्या आईच्या लॉकेटात बसवून दिलं. असं एकाचं बघून दुसरा यायला लागला. बबडीनं त्याला सांगून ठेवलं होतं, "बाबा, सारखी दोन करायची नाहीत. सारखी करणारे पुष्कळ आहेत."

याच सुमाराला वहिनी विसरायला लागल्या.

वहिनींनी सगळी नोकरी बस डेपोत केली. कुठली गाडी कधी, कुठल्या फलाटावरून, हे माइकवर सांगायचं काम. आवाज असा खणखणीत की ड्रायव्हर लोक म्हणायचे, बाईंनी नाव घेतलं की गाडी आपोआप सुरू होते. डाव्या मनगटात लग्नातलं चावीचं घड्याळ, अंडाकृती, चांदीचं, लहानसं. दोनच काटे. सेकंदाचा काटा नव्हता. निवृत्त झाल्यावर ते बंद पडलं आणि कपाटात गेलं.

आधी दूध उतू जाऊ लागलं, मग माझं नाव जाऊ लागलं. मला 'वन्सं' म्हणत, त्यामुळे पुष्कळ दिवस मला कळलंच नाही. मग एकदा घराबाहेर पडल्या आणि परतीची वाट सापडेना. ओळखीच्या भाजीवाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. त्याच्या समोर म्हणतात कशा, "हा मुलगा चुकला होता हो, मी घरी घेऊन आले." आम्ही हसलो. भाजीवालाही हसला. दादा हसला नाही.

बबडीनं दुसऱ्याच दिवशी काळं चौकोनी घड्याळ आणलं. ते घातलेलं माणूस कुठे आहे ते आपल्या फोनवर ठिपका होऊन दिसतं. वहिनींनी ते मनगटावर फिरवून फिरवून पाहिलं.

"हे काय? मी काय कैदी आहे?"

"नाही गं आई. छान आहे की. पावलं मोजतं."

"पावलं मोजायला मी काय पोलीस भरतीला चालले?"

दुसऱ्या दिवशी ठिपका सकाळपासून स्वयंपाकघरातच. दादा खूश, की आज बाहेर जायचं नाव नाही. घड्याळ सापडलं पिठाच्या डब्यात. वहिनी गच्चीवर होत्या.

बबडी म्हणाली, "पट्ट्याला कुलूप असलेलं मिळतं बाबा. काढताच येत नाही."

दादा एकदम तिच्यावर ओरडला. तो कधी ओरडत नाही. "बायको आहे ती माझी. कुलूप घालू?" मग भिंगाशी चाळा करत म्हणाला, "तिला ते आवडलं नाही, एवढंच झालंय. जे आवडलं नाही ते तिनं आजवर कधी अंगावर ठेवलंय? तिला शोभेल असं करू. मग काढणारच नाही."

त्याच्या सगळ्या कामात ते घड्याळ सगळ्यात सुरेख झालं, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. त्यानं कपाटातलं वहिनींचंच चांदीचं घड्याळ काढलं. आतलं झिजलेलं मशीन काढून टाकलं आणि त्या इवल्याशा पोटात नवं बसवायला घेतलं. जागा पुरेना. नाडी पाहणारी काच बसवायची तर मागची बाजू फुगत होती.

"ती काच हवी बाबा," बबडी म्हणाली. "नाडी लागली नाही की फोन आपल्याला सांगतो, घड्याळ हातात नाही म्हणून."

"फुगलं तर ती घालणार नाही. तिला लगेच कळेल की हे तिचं नाही."

"आणि घालून काढलं तर?"

"नाही काढणार."

बबडीनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मला तर ते दोघं बोलतात त्यातलं अर्धंच कळायचं. काच बसवायची राहिलीच. चावी मात्र त्यानं जागच्या जागी ठेवली, फिरवली की बोटाला पूर्वीसारखीच लागेल अशी. पुरं झाल्यावर त्यानं घड्याळ अंगठ्याच्या नखावर टेकवलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. "चालतंय," म्हणाला. घड्याळ असं नखावर धरून पाहायची त्याला गेल्या काही वर्षांत सवय लागली होती. आम्हाला वाटायचं, कारागिराची लकब.

वहिनींनी ते घातलं आणि हात लांब धरून पाहिला. "अगं बाई! हे सापडलं कुठे?" मग दिवसभर पदर सावरायचं निमित्त करून हात पुढे करत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, नवरी दिसताय." म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या भावाला इतक्या वर्षांनी अक्कल आली." दादा लाजला. त्या दिवसांत घरात जरा बरं चाललं होतं. मी देवापुढे बसले की मागण्यासारखं काही आठवत नसे.

आणि मग ती दुपार. दादाला बॅटऱ्या आणायला बाजारात जायचं होतं. जाताना वहिनी दुकानातल्या खुर्चीत बसून पेपर उलटत होत्या. पूर्वी त्यानं मला बोलावलं असतं. आता फोन होता. बाजारात त्यानं दोनदा फोन पाहिला. ठिपका दुकानात, जिथे होता तिथेच. 'बरी बसलीय,' म्हणून त्यानं आणखी दोन दुकानं केली.

परत आला तर खुर्ची रिकामी आणि दार उघडं. ट्रेमध्ये दोन-तीन घड्याळं होती, त्यांत एक अंडाकृती, चांदीचं, साखळीची घडी नीट घालून ठेवलेलं.

त्यानं मला हाक मारली ती मी दोन घरं पलीकडून ऐकली.

वहिनी जुन्या डेपोकडे गेल्या होत्या. तो डेपो केव्हाच मोडला, तिथे आता मोठी इमारत व्हायची आहे. पायाचे खड्डे खणून ठेवलेले, वर फळ्या टाकलेल्या. कामगार जेवायला बसले होते. त्यांनीच खड्ड्यात पडलेल्या वहिनींना वर काढून सावलीत निजवलं आणि डोक्याखाली कोणाचा तरी सदरा घडी करून ठेवला. देव त्यांचं भलं करो. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात तिसऱ्या की चौथ्या दिवशी वहिनी अगदी स्वच्छ बोलू लागल्या. विसरणाऱ्या माणसाला अशी एखादी उघडीप येते. बबडी उशाशी होती, दादा पायथ्याशी, मी मध्ये.

बबडीनं विचारलं, "आई, घड्याळ का गं काढलंस?"

"बंद पडलं होतं. ड्युटीला निघाले, नेहमीप्रमाणे कानाला लावून पाहिलं, तर टिकटिक नाही. बंद घड्याळ बांधून माइकवर बसू? गाड्या सोडायच्या असतात मला. म्हणून यांच्या ट्रेमध्ये ठेवलं, दुरुस्तीला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा वन्सं, नवरा घड्याळवाला आणि बायकोचं घड्याळ बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मी हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून हसले. बबडीचा चेहरा मात्र उतरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या मशीनला आवाज नसतो. मी तेव्हा बारीक टिकटिक घालून दिली असती हो. तुम्ही कानाला लावलं नव्हतं?"

दादानं नाही म्हणून मान हलवली.

"कधीच लावलं नव्हतं? जन्मभर घड्याळं केलीत ना बाबा?"

"मला ऐकू येत नाही गं," दादा म्हणाला. "माणसांचं येतं. टिकटिक नाही येत, पुष्कळ वर्षं झाली. नखाला धक्का लागतो त्यावरून ओळखतो. याचाही लागत होता." मग म्हणाला, "घड्याळवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर ट्रेमध्ये कोण काय ठेवणार?"

वहिनी म्हणाल्या, "मला ठाऊक आहे की. म्हणून तर मी मोठ्यानं बोलते."

खरंच बोलत होत्या. आम्ही समजत होतो, माइकची सवय.

त्यानंतर उघडीप आली नाही. छातीत कफ साठला, ताप चढला. मी देवाशी भांडत नाही. पण त्या आठवड्यात मी त्याला नुसती नावानं हाक मारत होते, पुढे काही सुचत नव्हतं. वहिनींचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला आणि दादाला त्यांचं एकही अक्षर कळेना. तो त्यांच्या ओठांकडे पाही आणि मग माझ्याकडे. मी त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐके आणि त्याला मोठ्यानं सांगे. अख्ख्या वॉर्डाला आमचं बोलणं कळत होतं, पण कुणी कुरकुर केली नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" दादानं विचारलं.

"उशीर झाला का, विचारतात."

दादा त्यांच्या कानाशी वाकला. "नाही. वेळेत आहेस. गाडी अजून फलाटाला लागली नाही."

त्या मान हलवून पडून राहिल्या. संध्याकाळी गेल्या.

दुकान पुष्कळ दिवस बंद होतं. लोक बाहेरून बघून जात. बबडी म्हणायची, "बाबा, मी काच हवी म्हणून हट्ट धरायला हवा होता." दादा म्हणायचा, "तू धरला होतास." एवढंच. मी डबा ठेवून परत येत असे.

मग एक बाई आली. तिचे वडील असेच घराबाहेर पडतात, तिला कोणीतरी या घड्याळांबद्दल सांगितलं होतं. दादा म्हणाला, "मी ती करत नाही आता." तरी ती बाई उभीच. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. झोप नसलेल्या माणसाचे डोळे मी ओळखते, त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांचेच तसे होते.

मग दादानं विचारलं, "त्यांना काय आवडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय घालतात, काय काढून टाकतात, कशाला हात लावतात दिवसभर?"

तिला सांगता येईना. "साधंच आहे हो त्यांचं सगळं," म्हणाली.

"घड्याळाचं मग बघू," दादा म्हणाला. "आधी त्यांना इथे आणून बसवत जा. रोज थोडा वेळ."

ती आणू लागली. म्हातारबाबा वहिनींच्याच खुर्चीत बसतात, दुसरी खुर्ची नाही. दादा कधी घड्याळाचं नुसतं कवच हातात देतो, कधी नुसता पट्टा, आणि त्यांच्याकडे बघत बसतो. परवा मी डबा घेऊन गेले तेव्हा त्यानं नवं घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं होतं.

"कसं वाटतं बाबा?" त्यानं विचारलं.

म्हातारबाबा काहीतरी पुटपुटले. दादानं माझ्याकडे पाहिलं.

"टोचतं, म्हणतात," मी मोठ्यानं सांगितलं.

दादानं ते काढून घेतलं, दिवा खाली ओढला आणि घड्याळ पुन्हा उघडलं.