उशिराचं टपाल

केडगावचा आमचा पोस्टमन संध्याकाळी नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग करायचा. नाटकात प्रेयसीचं पत्र उशिरा पोचतं आणि तोवर नायक, म्हणजे मी, विष पिऊन मोकळा होतो. दिग्दर्शक याला नियती म्हणायचे.

"नियती कसली? टपाल येळेवर पोचलं न्हाई, येवढंच," हा विंगेतून पुटपुटायचा आणि तिथून पुढे रागाने वाक्यंच द्यायचा नाही. मी आठवेल तसा मरायचो.

एका रविवारी भर दुपारी तो सायकल हाणत माझ्या दारात आला. हातात निळं आंतरदेशीय पत्र होतं.

"काल पिशवीच्या तळाला राहिलं हुतं," तो घाम पुसत म्हणाला. "अक्षर बाईचं दिसतंय. उद्या दिलं असतं, पन तुमचा काय भरवसा न्हाई."