लिस्टिंगमधली बिनटिंबाची ओळ

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते आणि निम्म्यांच्या खाली "खिडकी उघडी होती का ते बघा" अशी कमेंट टाकणारी खडूस बाई ती मीच. आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर लावलेल्या आहेत. करणी, उतारा, अंगारा यातलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यात मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते... म्हणजे स्क्रीनवर काही "आपोआप झालं" असं कुणी म्हटलं, की मी आधी विचारते, "कोणतं बटण दाबलंस?"

तरी हे लिहितेय. आनंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारून लिहितेय.

सोलापुरात बुधवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत जमिनीत बसवलेलं उखळ. ते उखळ माझ्या सासूबाईंचं. मी त्यांना आत्या म्हणायचे, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. मूळच्या जेऊरच्या. सासरे लवकर गेले, आनंद लहान होता, त्याला घेऊन त्या सोलापूरला आल्या आणि शेंगा चटणी कुटून विकायला लागल्या. त्याच चटणीवर आनंद फार्मासिस्ट झाला. आता ही चटणी कशाची असते, हे परगावच्या माणसाला सांगावं लागतं, हे मला अगदी आत्ता आत्ता कळलंय. त्यावरच हे सगळं आहे म्हणा ना.

आनंदच्या पाठची एक बहीण होती, छबी. जेऊरलाच, तीन वर्षांची असताना गेली. शेजारच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा भाजत होत्या, कुणीतरी तिच्या ओंजळीत घातल्या. घटकाभरात तोंड सुजलं, श्वास घेता येईना. घरातल्या मोठ्यांनी नजर लागली म्हणत आधी अंगारा लावायला नेलं. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. अंगाऱ्यावरचा आत्यांचा राग तिथला. पण मूळ कारण त्यांना कळलं ते पुढे पंधरा-सोळा वर्षांनी, आनंद कॉलेजात हे सगळं शिकला तेव्हा. तोवर त्यांची उमर शेंगा कुटण्यात गेलेली! आनंद सांगतो, आईने आठ दिवस उखळावर पोतं टाकून ठेवलं होतं. त्याकडे बघायचीसुद्धा नाही.

नवव्या दिवशी पोतं काढलं, कारण चूल पेटायला हवी होती. पण तेव्हापासून दारात आलेलं गिऱ्हाईक असो की फोनवरचं, आत्या विचारल्याशिवाय चटणी द्यायच्या नाहीत. "घरात कुणाला शेंगा सोसत न्हाईत असं हाय का? बारकी लेकरं हायत का?" लोक हसायचे. एकाने तर विचारलं, "काकू, चटणी विकताय का दवाखाना काढलाय?" आत्या म्हणाल्या, "हसा की. पर घरात इचारून सांगा."

तीन वर्षांपूर्वी मी चटणी ऑनलाइन टाकली. एका मोठ्या साइटवर आमचं छोटंसं दुकान. त्या दिवशी आत्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"ह्यात गिऱ्हाइकाला इचारायचं कुटं?"

"ऑनलाइन असं विचारत नसतात आत्या. लोक फोटो बघतात, स्टार बघतात आणि घेतात."

"आन् घरात लेकरू असलं तर?"

"पाकिटावर लिहिलंय की सगळं."

त्यांनी खुर्ची मागे सारली. पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. पण मी घाईत होते. आधी आंब्याच्या लोणच्याचं लिस्टिंग, म्हणजे विक्रीचं पान, केलं होतं, त्याचीच कॉपी मारली, नाव बदललं, फोटो बदलला, घटकांमध्ये "शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ" लिहिलं आणि सबमिट केलं. इंग्रजीतही शेंगाच लिहिलं. आमच्याकडे शेंगा म्हणजे शेंगा! त्या कशाच्या, हा प्रश्न सोलापुरात कुणाला पडत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आत्या गेल्या. हार्ट अटॅक. सकाळी दोन उखळं कुटून झाल्यावर, पडवीतच. गल्लीतल्या दोघी बायका त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, त्यांनी काम थांबू दिलं नाही. त्या दोघींची घरं आता या चटणीवर चालतात, म्हणून लिस्टिंग जिवंत ठेवणं ही माझी जबाबदारी झाली. ते किती कटकटीचं असतं हे विकणाऱ्यालाच विचारा. पावसाळ्यात कुणीतरी आमचाच फोटो उचलून, आमच्या उखळासकट, स्वतःच्या नावाने स्वस्तात विकायला लागला. साइटवर शोधलं की आम्ही थेट तिसऱ्या पानावर. मूळ फोटो पाठवा, तक्रार करा, नाव नोंदवा, असं करत दीड महिन्याने त्याचं लिस्टिंग हटलं आणि आम्ही परत वर आलो. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आणि आठवड्याभरात मेल आला. वर्णनात नियमाबाहेरचा मजकूर आहे, लिस्टिंगचा दर्जा कमी करण्यात येत आहे.

उघडून बघते तर वर्णनाच्या शेवटी एक ओळ.

"शेगा म्हजी भुईमुगाच्या. घरात कुनाला सोसत न्हाईत का ते आदी इचारा."

मी ओळ पुन्हा वाचली. आत्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. पाकिटावर नाव लिहायच्या ते "शेगा चटनी". टिंब म्हणून द्यायच्या नाहीत. मी चिडवायचे, "आत्या, टिंबं काय विकत आणावी लागतात का?" त्या म्हणायच्या, "वाचता आलं न्हवं तुला? मग झालं की."

मला वाटलं, हे आनंदचं काम. आईच्या आठवणीने केलं असेल. त्याला हळूच विचारलं. त्याने ओळ वाचली आणि त्याचा चेहराच उतरला. "सुजाता, मला तर तुझा पासवर्डसुद्धा माहीत नाही," म्हणाला. ते खरं होतं.

मी ओळ काढून टाकली. चार दिवसांनी ती परत आली.

मग माझ्यातली कॉम्प्युटरची बाई जागी झाली. हा तोच फोटोचोर, खात्यात घुसून त्रास देतोय, असं मी ठरवून टाकलं. (टिंब न देता लिहायचं त्याला कसं सुचलं, हा विचार मी मुद्दाम केला नाही.) पासवर्ड बदलला. प्रत्येक लॉगिनला माझ्या फोनवर ओटीपी येईल असं केलं. शाळेतला, घरातला, सगळीकडचा लॉगिन बंद केला. तरी ओळ तिसऱ्यांदा आली. चौथ्यांदाही आली. बदलांची नोंद काढली, तर प्रत्येक बदल माझ्याच नावाने, सकाळी अकराच्या सुमाराला. त्या वेळी मी सातवीच्या वर्गावर असते आणि फोन स्टाफरूमच्या कपाटात. अकराला कुटणं आवरून ऑर्डरींचे फोन घ्यायला कोण बसायचं, हे मी आनंदला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

सपोर्टला फोन लावला. पलीकडे एक मराठी मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, बाहेरून कुणी आलेलं दिसत नाहीये. तुमच्याच अकाउंटवरून, सोलापुरातूनच एडिट झालंय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि मॅडम, परत तोच मजकूर आला तर सेलच्या आधी लिस्टिंग बंद होईल. प्लीज लक्ष ठेवा."

दिवाळीचा सेल आठ दिवसांवर होता. त्या दोघींनी रजा न घेता माल करून ठेवलेला. मला इतका राग आला, की खोटं कशाला सांगू, मी पडवीत जाऊन उखळासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "बास करा की आता!" एका बौद्ध कॉम्प्युटर टीचरने उखळाशी भांडावं... शेजारणीने ऐकलं नाही हे नशीब.

शनिवारी दुपारी मी ओळ पुन्हा काढली, आणि खात्री करून घेतली. दुसऱ्या फोनवर बघितलं, आनंदच्या फोनवर बघितलं. पान स्वच्छ होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत एक फोन आला. पुण्याच्या एक आजी, पाकिटावरचा नंबर बघून केलेला. बोलताना रडत होत्या.

"अहो, तुमचे आभार कसे मानू? काल माझी नात वाचली."

त्यांच्या बहिणीने सोलापूरहून आमचं पाकीट आणून दिलं होतं. रविवारी त्यांची लेक बंगळूरहून आलेली, बरोबर चार वर्षांची नात. त्या पोरीला दाणे जराही चालत नाहीत, एकदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. "आम्ही दाण्याची चटणी म्हणतो हो. शेंगा वाचून मला वाटलं शेवग्याची असेल, सोलापूरकडचा काहीतरी प्रकार. लेकीनेही पाकीट वाचलं, तिलाही काही वाटलं नाही. मी पोरीच्या ताटात वाढलीसुद्धा, वर दही घातलं."

मग लेकीबरोबर द्यायला आणखी दोन पाकिटं मागवावीत म्हणून त्यांनी फोनवर नाव शोधलं. आमचं पान पहिल्यांदाच उघडलं. आणि ती ओळ वाचली.

"मी ओरडलेच. पोरीने घास उचलला होता हो, हातात होता."

 मी म्हटलं, "आजी, काल? नक्की काल?"

"रविवारीच. जेवताना. थांबा, लेकीला दाखवायला मी स्क्रीनचा फोटो काढला होता, पाठवते."

फोटो आला. वर रविवारची तारीख, दुपारची वेळ. शनिवारी मी ओळ काढली होती आणि नोंदीत त्यानंतर एकही बदल नव्हता. मला माहितेय तुमच्यातले काहीजण काय लिहिणार, कारण मीही तेच लिहिलं असतं. सर्व्हरवर पानाची जुनी प्रत राहिली असेल, तीच त्यांना दिसली असेल. मीही स्वतःला तेच सांगत होते. ओळ नीट वाचेपर्यंत.

"शेगा म्हजी भुईमुगाच्या. घरात कुनाला सोसत न्हाईत का ते आदी इचारा. ताटातली काडा आदी."

हे शेवटचं वाक्य आधीच्या कुठल्याच ओळीत नव्हतं. चारही वेळचे फोटो माझ्याकडे आहेत, तक्रारीसाठी काढून ठेवलेले. कुठेच नाही.

त्या दिवशी पुढचा तास मी घेतला नाही. स्टाफरूममध्ये बसून लिस्टिंगचा सगळा फॉर्म पहिल्यापासून उघडला, जो मी तीन वर्षांत पूर्ण वाचला नव्हता. तिथे एक रकाना होता, कुणाला बाधणारा पदार्थ आहे का. त्यात लोणच्यावरून कॉपी झालेलं उत्तर होतं – लागू नाही.

लागू नाही! ज्या घरातली पोर यानेच गेली, त्या घराच्या चटणीवर मी हे लिहून ठेवलं होतं. आणि वर फोटोचोर पकडायला निघाले होते.

तिथेच बसून सगळं बदललं. रकान्यात शेंगदाणे. नाव "सोलापुरी शेंगदाणा चटणी". घटकांमध्ये, पाकिटावर, इंग्रजीत, मराठीत, सगळीकडे. दोन दिवस लिस्टिंग तपासणीसाठी बंद राहिलं, सेलचा पहिला दिवस हुकला. त्या दोघींना मी सगळं खरं सांगितलं. थोरली म्हणाली, "जाऊ द्या ताई. लेकरू वाचलं न्हवं? माल काय, उद्या जाईल."

आनंदला मी स्क्रीनचा फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून वाचला. काही तर्क नाही, काही नाही. फक्त विचारलं, "पोरगी बरी आहे ना?" आणि तोंड फिरवून बाहेर गेला. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मी त्याला पहिल्यांदा असा रडताना ऐकलं.

ओळ त्यानंतर आली नाही. आता दर्जा उत्तम आहे, आम्ही पहिल्या पानावर आहोत, नियमाबाहेरचा एक शब्द नाही. मी रोज अकराला बघते. शाळेत फोन आता खिशात ठेवते, मुख्याध्यापक ओरडतात तरी.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कॉम्प्युटरचं नाही आणि दुसरंही नाही. मी कुठे नारळ फोडला नाही, कुणाला विचारायला गेले नाही, आत्यांना ते आवडलंही नसतं.

एकच गोष्ट सांगायची राहिली, ती आनंदलाही ठाऊक नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल. गेल्या मंगळवारी मी तो फॉर्म पुन्हा उघडला. त्या रकान्यातला "शेंगदाणे" हा शब्द खोडला आणि सेव्हच्या बटणावर बोट ठेवलं. एका दिवसापुरतं काढून बघावं, ओळ येते का. कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी लेकराच्या ताटात ती चटणी असेल, हे मला कळत होतं. पुरतं कळत होतं. मिनिटभर बोट तिथेच होतं. मग लॅपटॉप मिटला.

आत्या, खरं सांगते. त्या एका मिनिटात मला कुणाचं लेकरू दिसत नव्हतं. मला फक्त तुम्ही हव्या होतात.