एका बोटाचा राखणदार

फुलसावंगीच्या पलीकडे, पांदण संपते तिथं एक बंजारा तांडा आहे. त्या तांड्यातल्या बादल राठोडचा उजवा हात तीन वर्षांपूर्वीपर्यंत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. होळीला लेंगीची गाणी म्हणत माणसं घरोघर फिरायची, तेव्हा डफ बादलच्याच हातात असायचा. तांड्याचे नाईक किसनसिंग आयुष्यात कुणाला चांगलं म्हणाले नाहीत, पण तेही मान डोलवत म्हणायचे, "पोट्टं वाजवते बाप्पा!" याहून मोठी पदवी त्या तांड्यात आजवर कुणाला मिळालेली नाही.

मग सोयाबीन काढायच्या दिवसांत, मळणी यंत्रात पेंढ्या लोटताना त्याच्या शर्टाची बाही अडकली आणि बाहीच्या मागं हात गेला. यंत्र बंद होईपर्यंत कोपराखालचं सगळं गेलं होतं. ज्याचं यंत्र तो रडला, ज्याचं शेत तो रडला. बादलनं मात्र दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "सोयाबीन भिजलं तं नाई?"

लोक वाईट नव्हते, हेच खरं दुखणं. वाईट असते तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. पुढच्या होळीला डफ दुसऱ्याच्या हाती गेला आणि बादलला मानानं खाटेवर बसवलं. "तू बस. तू फक्त बस," असं जो तो म्हणाला. पोतं उचलायला तो वाकला की तिघं जण धावत येत. ठरत आलेली सोयरीक मुलीकडच्यांनी फार गोड बोलून मोडली. घरच्यांनी त्याला तुरीच्या शेतात राखणीच्या माळ्यावर बसवलं. रोही किंवा डुकरं आली तर वरून ओरडायचं, बास. ओरडायला हात लागत नाही, असा हिशेब असावा. जिवंत माणसाला चांगुलपणानं कसं मोडीत काढतात, ते मी म्हणतो त्या तांड्यात जाऊन बघावं. त्याच्याकडून कुणी काही मागेनासं झालं होतं. जेवलास का, एवढंच विचारत.

त्या माळ्यावर बसल्याबसल्या त्याला फोनवरचा तो खेळ लागला. 'रणखंड' त्याचं नाव. देशभरातली हजारो पोरं एकाच वेळी त्या खोट्या मुलखात हिंडतात, टोळ्या करून किल्ले घेतात, आणि बोलायची सोय असल्यानं एकमेकांवर मनसोक्त ओरडतात. खेळात उतरताना आपण कोण व्हायचं ते आधी निवडावं लागतं: तलवारवाला, धनुष्यवाला, वैद्य, मांत्रिक. याला पोरं क्लास म्हणतात. प्रत्येक क्लासची विद्या वेगळी, पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी. डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं लढायचं.

बादलनं वैद्य निवडला. फोन गोणपाटावर ठेवून तो डाव्या हाताच्या अंगठ्यानं चालायचा आणि मधल्या बोटानं औषध द्यायचा. औषध पोचेपर्यंत रोगी मेलेला असायचा. पहिल्या टोळीला त्यानं सरळ सांगून टाकलं होतं, मले एकच हात हाय. ती पोरं फार भली निघाली. "दादा, तू मांगं उभा राय, आम्ही हावोत ना," म्हणाली. तो मागं उभा राहिला. टोळी किल्ले जिंकत गेली, त्याच्या वाट्याचं बक्षीस त्याला न चुकता मिळत गेलं, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, होळीतली ती खाट इथंही येऊन पोचली आहे. न बोलता तो त्या टोळीतून निघाला.

दुसरी टोळी पुसदच्या रजतची. रजत बापाच्या कृषी केंद्रात बसायचा आणि गिऱ्हाईक नसलं की तलवार चालवायचा. तोंडाचा फटकळ, मनाचा मोकळा. इथं बादलनं हाताचं अवाक्षर काढलं नाही. औषध उशिरा पोचलं की रजत कडाडायचा, "अबे बादलभाऊ, झोपला का तू?" आणि बादल म्हणायचा, "भाऊ, रेंज गेलती." तांड्यात रेंज खरोखरच जायची, त्यामुळं खोटं पचत होतं. टोळीत त्याचं नावच रेंजवाला पडलं. शिव्या खाऊन तो माळ्यावर एकटाच हसायचा. कुणीतरी त्याच्याकडून काहीतरी मागत होतं, ते मिळालं नाही म्हणून चिडत होतं. दोन वर्षांत इतकं सुख त्याला कशानं झालं नव्हतं.

अशात खेळाच्या कंपनीनं सगळ्यांना विचारलं, नवा क्लास आणतो आहोत, तुम्हाला कसा पाहिजे? झालं! पोरांच्या अपेक्षांना ऊत आला. कुणाला आग ओकणारा हवा होता, कुणाला भूत, कुणाला उडणारा. रजतनं दोन तलवारींचा मागितला. बादलनं लिहिलं, 'असा द्या की जो एका बोटानं खेळता येईल.' कारण लिहिलं नाही.

दिवाळीच्या सुमारास क्लास आला. त्याचं नाव राखणदार. हा स्वतः लढत नाही. त्याच्याजवळ एक जनावर असतं. आपण नुसतं बोट टेकवायचं, जिथं टेकवलं तिथं जनावर धावून जातं. बादलनं ते वाचलं आणि तो माळ्यावरून उतरून उगाच तुरीत दोन फेऱ्या मारून आला. हजारोंच्या गर्दीत आपलंच कुणी ऐकलं असेल असं नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी छाती भरून आली होती.

बाकीच्यांनी वाघ घेतले, अस्वलं घेतली. बादलनं बैल घेतला आणि त्याचं नाव ठेवलं गराशा. पूर्वी तांडे मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, तेव्हा सगळ्यात पुढं चालणारा, कधीही ओझं न लादलेला मानाचा बैल म्हणजे गराशा. रजतला ते सांगितल्यावर तो म्हणाला, "नाव तं जबरदस्त हाय भाऊ, आता बैल चालव."

आणि बादलनं बैल चालवला! डफावर ज्या बोटांची जात सगळ्यांना दिसली होती, तीच जात डाव्या हातातही होती, एवढंच. कुठं थांबवायचं, कुठं धाडायचं, ठोका कुठं पडला पाहिजे, हे त्याला आतून कळायचं. टोळी वर चढत गेली. रेंजवाला हे नाव मागं पडलं. किल्ल्याचा दरवाजा अडला की रजत ओरडायचा, "गराशा पाठव, बादलभाऊ!" आणि टोळीतली सगळी पोरं त्या बैलाची वाट बघायची. संध्याकाळी घरी परतल्यावरही त्याचा खेळ चाले. रुक्माबाई, त्याची आई, चुलीपाशी भाकरी थापताना त्याचं हसणं ऐकायची. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगा पुन्हा पोटभर जेवू लागला होता, ते कळत होतं.

होळी जवळ आली तेव्हा गोष्टी फिरल्या. राखणदार सोपा आहे हे इतरांच्याही ध्यानात आलं होतं. एक टोळी तर अशी निघाली की सगळेच्या सगळे राखणदार. तिनं रजतच्या टोळीला किल्ल्याबाहेर अक्षरशः तुडवलं. रजतचा संताप खोटा नव्हता. त्यानं वर्षानुवर्षं अंगठे झिजवून तलवार शिकली होती आणि काल आलेली पोरं एक बोट टेकवून त्याला लोळवत होती. देशभर हीच ओरड सुरू झाली. नव्या क्लासकडून आमची ही अपेक्षा नव्हती, हा काय क्लास आहे, हा तर एका बोटाचा खेळ! शेवटी कंपनीनं मत मागवलं. राखणदार बदलायचा का? बदलला तर काचेच्या एका टोकाला एका अंगठ्यानं जनावर दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला दुसऱ्यानं त्याला वाट दाखवायची. टोळीतल्या सगळ्यांनी हो म्हटलं, तरच त्या टोळीचं मत धरणार होते.

संध्याकाळी रजतनं सगळ्यांना बोलावलं. बादल ओट्यावर बसला होता, फोन मांडीवर. आवाज मोठा ठेवला होता, म्हणून शेजारी तूर पाखडत बसलेल्या रुक्माबाईलाही ऐकू येत होतं. एकेक जण हो म्हणत गेला.

"बादलभाऊ, तुहं काय?"

बादल अंगठ्यानं काचेवरची धूळ पुसू लागला.

"अबे बोल ना! तुले काय फरक पडते? हे दुसरे राखणदार फुकटे हायेत. तू कलाकार हायस भाऊ. एका बोटानं एवढा खेळतं, दोन हातानं खेळशीन तं आग लावशीन. मले तं तेच पाह्यचं हाय."

रुक्माबाईचं सूप थांबलं. ती हळूच म्हणाली, "सांग ना बेटा त्याइले. कायले लपवतं? समजून घेतीन थे."

समजून घेतील, यात बादललाही शंका नव्हती. रजत आधी शिवी देईल, मग माफी मागेल, मग मत रद्द करील. सगळी टोळी त्याच्यासाठी कंपनीशी भांडेल. आणि त्यानंतर कुणी कधी "झोपला का बे" म्हणणार नाही. "गराशा पाठव" म्हणणार नाही. "दादा, जमत असंल तं पाठव," असं म्हणतील. बैल वाचेल, पण त्याची वाट कुणी बघणार नाही. बादलला हे सगळं डोळ्यांपुढं दिसलं.

"याडी, चूप राय," तो आईला म्हणाला. मग फोनकडं तोंड करून, अगदी मोकळ्या आवाजात म्हणाला, "हव भाऊ. बदललाच पाह्यजे. हे काय खेळनं हाय?"

"ह्याले म्हनतात मर्द!" रजत ओरडला.

बादलनं डाव्या अंगठ्यानं 'हो'वर दाबलं. रुक्माबाई उठून आत गेली. सूप तिथंच राहिलं.

होळी झाली. तांड्यात लेंगी रंगली, बादल खाटेवर बसला, कुणीतरी त्याला पहिली पुरणपोळी आणून दिली. त्यानंतर बदल आला आणि त्याच संध्याकाळी टोळी किल्ल्यावर निघाली. बादलनं फोन जमिनीवर ठेवला. अंगठ्यानं गराशाला दाबून धरलं, मधलं बोट ताणून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. ते पुरेना. पुन्हा ताणलं, तोवर अंगठा सुटला. बैल जागेवरच उभा. शेवटी त्यानं उजवं कोपर टेकवून पाहिलं. कोपराला काच कळत नव्हती की काचेला कोपर, देव जाणे.

"गराशा पाठव, बादलभाऊ!" रजतचा आवाज आला. दरवाजावर टोळी कापली जात होती. "भाऊ, पाठव ना बे! तुह्यावरच हाय सगळं!"

रुक्माबाई त्याच्यासमोर येऊन बसली. तिनं पदराला हात पुसले. "मी दाबू का? कुठं दाबू, सांग."

त्यानं मान वर केली नाही, पण काचेवरची जागा दाखवली. तिनं भाकरी थापून कडक झालेलं बोट तिथं जिवाच्या आकांतानं दाबून धरलं. बादलनं वाट दाखवली आणि गराशा हलला. दोन पावलं चालला, तिसरं टाकलं. मग वळायचं होतं, आणि वळताना दाब क्षणभर सोडून पुन्हा धरायचा असतो, हे आईच्या बोटाला सांगायला वेळ नव्हता. बैल दरवाजापासून हाकेच्या अंतरावर थांबला. तिथंच भाले त्याच्यावर पडले.

"भाऊ, काय झालं? कुठं गेला तू?" रजत विचारत होता. "बादलभाऊ?"

फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या.

"रेंज गेली भाऊ," बादल म्हणाला.

"बरं, आली का येजो. तुही जागा ठेवतो."

"हव," म्हणून बादलनं फोनवरची बोलायची सोय बंद केली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. रुक्माबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, पण रेंज गेली असं पोरगा केव्हा म्हणतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं काचेवरचं बोट उचललं नाही. ते तसंच दाबून धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली.